तांदळातलं नाव

नोकरीत कितीतरी जबाब नोंदवले, पण वाशी या तालुक्याच्या गावातल्या एका सासूबाईंचा जबाब आजही जसाच्या तसा कानात आहे. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असताना निनावी फोन आला. अमक्या घरातली बाई दुसरीच्या नावावर परदेशी चालली आहे, एवढंच सांगून ठेवला. त्याच घरची पासपोर्ट पडताळणी आमच्याकडे आलेली होती. सुनेला जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि पासपोर्ट अडकला तर जागा जाणार होती. हवालदार गल्लीत चौकशी करून आला. अर्जातल्या नावाची बाई तिथे कुणालाच ठाऊक नव्हती; त्या घरच्या सुनेला गल्ली वेगळ्याच नावाने ओळखत होती.

नवरा पुण्याला कामाला, म्हणून सासू-सुनेलाच बोलावलं. महिला शिपाई सोबत बसवली. माणूस समोरासमोर खोटं नाव निभावून नेतो, मागून हाक मारली की फसतो. सून पाणी प्यायला उठली तेव्हा मी अर्जातल्या नावाने हाक मारली. ती वळली नाही. गल्लीतल्या नावाने मारली, लगेच वळली. झालं, चोरी पकडली असं मला वाटलं. तसा प्रतिकूल अहवाल जाईल असं सांगताच सून रडकुंडीला आली. सासूबाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"साहेब, लग्नात तांदळात अंगठीनं नाव लिवत्यात. हिचं म्याच निवडलं हुतं. त्या तांदळाचा भात झाला अन् संपला. हिची समदी शाळा बापानं ठिवलेल्या नावावर झाली. लग्नापासनं त्या नावानं कुणी हाकच मारली न्हाय, म्हून वळली न्हाय. तिच्या माहेरी तामलवाडीला इचारा."

तिथल्या पोलीस पाटलांना फोन लावला. नाव ऐकताच ते पोरीचं कौतुकच सांगू लागले. त्यांनी शाळेतला फोटो मोबाईलवर पाठवला, चेहरा तोच. नंबर काढला, तर निनावी फोनवाला भावकीतलाच निघाला. त्याला समज दिली.

मग सासूबाईंचा जबाब लिहायला घेतला. नाव लिहिलं आणि सहज माहेरचंही विचारलं. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"ते नाव घेणारं आता कुणी उरलं न्हाय, साहेब. हिचं तरी तिकडं जर्मनीतली मान्सं घेतील."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी वर्दीत फार थोड्या वेळा पाहिलं. अनुकूल अहवाल त्याच दिवशी रवाना केला.

ओळख पटवणं हे आमचं रोजचं काम, पण ते मला त्या बाईंनी शिकवलं. त्यानंतर कुठल्याही बाईचा जबाब घेताना मी माहेरचं नाव आवर्जून विचारत आलो. ते सांगताना प्रत्येकीचा आवाज बदलतो.