अंबक्काची मूठ

अंबक्का शाप द्यायची तो पूर्ण पत्त्यासह. नाव, बापाचं नाव, गाव, जमलं तर गल्लीसुद्धा. अलसूरच्या तळ्यामागे आमची गल्ली होती. तिथे रागावलेल्या बायकांना तोटा नव्हता. त्या बोटं मोडत, भांडी आपटत, नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत. अंबक्का यातलं काही करायची नाही. ती आधी चौकशी करायची. चौकशी पुरी झाली की भर दुपारी तिठ्यावर जायची, मूठभर माती उचलायची, खणखणीत आवाजात नाव घ्यायची आणि माती वाऱ्यावर सोडायची. कन्नडात याला हिडिशाप म्हणतात, म्हणजे मुठीचा शाप. तीनशे वर्षं या मुलखात राहून आमच्या मराठी घरांनी भातावरचं सारु उचललं, पानातली कोसंबरी उचलली, तशी ही मूठही उचलली.

"अर्धवट नावावर कार्ड जात नाही, शाप कसा जाईल की?" ती विचारायची. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याचं नाव मुनियप्पा, एवढं गल्लीला ठाऊक होतं. पण मुनियप्पा काय थोडे असतात? अंबक्का बसमध्ये बसून देवनहळ्ळीच्या पलीकडे त्याच्या गावी गेली आणि त्याच्या बापाचं नाव विचारून आली. ही बातमी गवळ्याला शापाच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवसापासून दुधावर साय यायला लागली.

एवढ्या काळजीला कारण होतं. नवी नवरी असताना कोंबडी चोरीला गेली म्हणून तिने शेजारणीवर मूठ टाकली होती. सकाळी कोंबडी आपल्या पायांनी परत आली, आणि त्याच आठवड्यात अंबक्काची गाभण गाय मेली. चुकीच्या नावाची मूठ टाकणाऱ्याच्याच दारात परतते, हे तिला तेव्हा कळलं आणि ती ते कधी विसरली नाही.

एकसष्ट साली तिचा थोरला, एकोजी, काँगोत मारला गेला. आपली फौज तिथे युनोच्या निळ्या टोप्या घालून शांतता राखायला गेली होती. तार आली, मागोमाग साहेब आले, शौर्याबद्दल बोलले. अंबक्का रडली नाही.

"कुणी मारला?" तिने विचारलं.

"शत्रूने, अम्मा."

"त्याचं नाव?"

साहेबांनी टोपी घातली आणि ते निघाले. अंबक्का त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली, अंगणातली मूठभर माती उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली. नाव कळेपर्यंत ती गाठ सुटायची नव्हती. लुगडं बदललं की माती नव्या पदरात जायची.

इथे माझा प्रवेश होतो. मी शेजारची, नुकतीच कॉलेजात गेलेली. विषय राज्यशास्त्र, गरज नसताना चष्मा, काखेत नकाशांचं पुस्तक. अलसूर भागाची परराष्ट्रमंत्री मीच, असा माझा पक्का समज होता. रोज दुपारी मी अंबक्काला इंग्रजी पेपर वाचून दाखवायची आणि शत्रू शोधून द्यायची. तिच्या धाकट्या लेकाकडे, तुळजाकडे, जो तेव्हा फौजेतून रजेवर आलेला होता, माझं मुळीच लक्ष नव्हतं, असं मी आजतागायत सांगत आले आहे.

"अंबक्का, सापडला! कटांगावाले. ते देशातून फुटून निघालेत," मी पहिल्यांदा जाहीर केलं. तिचा हात गाठीवर गेला. पण पुढच्याच आठवड्यात पेपरात आलं, की दुसऱ्या गावी सरकारच्याच शिपायांनी युनोची माणसं मारली.

"सरकार आपल्या बाजूचं ना गं?"

"होय. म्हणजे, एक सरकार. दुसरंही एक आहे, वरच्या बाजूला. आणि मधल्या एकाने स्वतःला राजा म्हणवून घेतलंय." मी नकाशावर बोट फिरवत राहिले, बोट थांबेना.

"स्वल्प थांब," अंबक्का म्हणाली. "तुला नक्की माहीत आहे, की तू नुसतीच हुशार आहेस?"

मग मी भाडोत्री गोरे शिपाई शोधून काढले. हे तर शंभर टक्के दुष्ट. अंबक्काने शांतपणे विचारलं, "त्यांना पाठवतं कोण?"

"खाणींची कंपनी."

"कंपनीला आई असते?"

"नसते."

"मग तिच्यावर मूठ फुकट. आई नसलेल्याला शाप लागत नाही." तिने माझा नकाशा मिटला. "तुझी फी परत माग कॉलेजातून."

पुढे लष्करी दवाखान्यात फौजेतला एक नाईक आला होता, बेळगावकडचा, हात गळ्यात अडकवलेला. गोळी लागली तेव्हा एकोजीच्या शेजारी होता तो. अंबक्काने त्याला घरी बोलावून जेवू घातलं आणि समोर बसून विचारलं, "आता सांग."

"काय सांगू आई? रस्त्यात झाडं आडवी पाडलेली. आम्ही उतरलो. झाडीतनं गोळ्या आल्या. झाडीला वर्दी नसती." तो खाली बघत बोलत होता. "आणि वर्दी असून तरी काय? सगळे एकाच जुन्या फौजेतनं फुटलेले. कपडे तेच, बंदुका त्याच. सकाळी हसून सिगारेट मागितली ते कोण, आणि दुपारी झाडीत होते ते कोण, आम्हाला काय ठाऊक. आम्ही कोण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं."

"मग तुम्ही काय केलं?"

"आम्हीबी झाडीत घातल्या गोळ्या."

"कुणाला लागल्या?"

नाईकाने तांब्या उचलला, पाणी प्यायला, आणि रिकामा तांब्या बराच वेळ तोंडाशी धरून ठेवला.

त्याच सुमारास तुळजाचा हुकूम आला. पुढच्या तुकडीबरोबर काँगोला. तो गेला आणि अंबक्का दिवसेंदिवस वाळत चालली. राग मात्र वाळला नाही. स्वयंपाक करताना, जात्यावर बसताना ती पदराची गाठ चाचपत राही. मला ते बघवेना.

"अक्का, टाका कुणाच्याही नावाने," मी म्हटलं. "त्या कटांगाच्या पुढाऱ्याचं नाव घ्या. तो कुठे साधू आहे?"

"आणि चुकलं तर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की चष्म्याचा काही उपयोग झाला नाही. "परत आली तर कुणावर येणार? माझा आता एकच उरलाय, आणि तो तिथंच उभा आहे."

तरीही एके दुपारी तिने मला हाक मारली. "चल. सापडलं."

"नाव?"

"नाव नाही. शाप सापडला."

तिठ्यावर ऊन रणरणत होतं. अंबक्काने गाठ सोडली, माती मुठीत घेतली आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या एकोजीला ज्यानं मारलं, त्याच्या केसालाही धक्का लागू नये. तो धडधाकट घरी जावा. लग्न व्हावं, पोरं व्हावीत, म्हातारा व्हावा. आणि रोज पहिला घास उचलला की त्यानं मारलेला त्याच्यासमोर येऊन बसावा. आईनं वाढलेलं त्याच्या घशाखाली उतरू नये. त्याच्या आईनं ते बघावं."

माती उडाली. मला तर हसू आलं. "अहो अक्का, हा शाप की आशीर्वाद?"

"परत आली," हात झटकत ती म्हणाली, "तरी माझा तुळजा म्हातारा होईल. सरी? बरोबर ना?"

मी मनातल्या मनात तिला राज्यशास्त्रात पैकीच्या पैकी गुण दिले. शापाची दुसरी बाजू मात्र मी ऐकूनही ऐकली नाही. तेवढी अक्कल माझ्या नकाशात नव्हती.

तुळजा परत आला, धडधाकट, एक ओरखडा नाही. गल्लीने पेढे खाल्ले. वर्षभरात आमचं लग्न झालं; नाही म्हणजे, माझं लक्ष नव्हतंच. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला अंबक्का वाढत होती. तुळजाने पहिला घास कालवला, उचलला, आणि हात तोंडाजवळ थांबला. तो समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत होता. मी म्हटलं, "मीठ कमी आहे का?" अंबक्का पळी हातात धरून उभी होती. सारु पळीतून तिच्या पायावर गळत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

त्यानंतर तिने कधी कुणावर मूठ टाकली नाही. गवळ्याने पुन्हा पाणी घालायला सुरुवात केली, तिने घालू दिलं. रोज लेकाला वाढायची मात्र तीच. मला हात लावू द्यायची नाही. तो थांबला की तीही थांबायची, आणि तो गिळेपर्यंत तिथून हलायची नाही.

शेवटच्या आजारात मी धीर करून विचारलं, "अक्का, मूठ परत आली का हो?"

"आली की. पोचलीसुद्धा." तिचे डोळे अजून तसेच धारदार होते. "तिकडेही एक बाई पळी घेऊन उभी असेल. असू दे! मी उभी राहिले ना?"

आता आम्ही बनशंकरीला राहतो. तुळजा म्हातारा झाला आहे, शापात म्हटल्याप्रमाणे, केसाला धक्का न लागता. तिकडच्या झाडीतला कोण समोर येऊन बसतो, ते त्याने मला सांगितलेलं नाही. अंबक्का गेल्यापासून वाढते मी. पळी माझ्या हातात असते, आणि भात निवत असतो.