डोक्यात गहू घेऊन कल्याणच्या लग्नाला

मावसबहीण तन्वीने फोनवर हुकूम सोडला, "ताई, माझ्या लग्नात मंगलाष्टकं तूच म्हणायचीस. आणि कागद न बघता!" मी हो म्हटलं आणि लगेच पाठांतराला बसले. मला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू पोटात गेला की पोट बिघडतंच, वर डोक्यात धुकं साचतं. शब्द सापडत नाहीत, नावं उडतात. घरच्यांना ही माझी नाटकं वाटतात. गहू कडक बंद केल्यापासून डोकं लख्ख झालंय, हे मला या लग्नात सगळ्यांना दाखवायचं होतं.

आदल्या दिवशी मी आणि नवरा संजय कळव्याहून निघालो. गाडीने जाऊ नका, शिळफाट्यावर अर्धं आयुष्य जातं. आम्ही गेलेलो, म्हणून सांगतेय. मुक्काम डोंबिवलीला, तन्वीच्या आईकडे, म्हणजे मावशीकडे. बिचारीने माझ्यासाठी तवा नवा, परात नवी आणलेली. गिरणीत गव्हावर दळण नको म्हणून तांदूळ घरीच मिक्सरला दळलेले. "खा बिनधास्त!" मी भाकरी आणि आमटी दोनदा घेतली. काय आमटी होती, अहाहा!

सकाळी गाडी मावशीकडेच ठेवून रिक्षाने ठाकुर्लीवरून कल्याण. भाडं आधी ठरवा, लग्नाचे कपडे बघून रिक्षावाले रंगात येतात. वाटेत संजयने विचारलं, "आहेर घेतलास ना?" मी पर्स उघडली खरी. आहेर म्हणजे काय, तेच आठवेना.

हॉलमध्ये अंतरपाट धरला. दोन कडवी झकास गेली. तिसऱ्यात नवऱ्या मुलाचं नाव आलं आणि माझं डोकं कोरं करकरीत. सगळे अक्षता घेऊन थांबलेले. समोर संजय दिसला आणि तोंडातून निघालं, "शोभे तन्वी-संजय जोडी... शुभ मंगल सावधान!" लोकांनी अक्षता टाकल्याही! मी बहिणीचं लग्न माझ्याच नवऱ्याशी लावून मोकळी. संजय चक्क लाजला. नवरामुलगा प्रथमेश अंतरपाटावरून डोकावला, "ताई, मी निघू का मग?"

हॉल खो खो हसत होता आणि मी कोपऱ्यात रडत होते. मावशी धावत आली. "अगं, गव्हाचं काही घातलंच नव्हतं गं!"

"मावशी, फोडणीत हिंग?"

"चिमूटभर. नेहमीचा, डबीतला."

डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. बाहेर सगळीकडे विचारते, मावशीकडे विचारलंच नाही. तिचा चेहरा पडला. "म्हणजे हे खरंच होतं तुला? मला वाटायचं, तू उगाच..." तिने पदराने माझे डोळे पुसले. तर मंडळी, प्रवासात आपला हिंग आपल्या पर्समध्ये ठेवा. तांदळाच्या पिठातला मिळतो.

घरी आले तरी धुकं हलेना. खरंच घाबरलेले मी, या वेळी गेलंच नाही तर? मग काही दिवसांनी भांडी घासता घासता गुणगुणायला लागले आणि तिसरं कडवं आलं, प्रथमेशच्या नावासकट, अख्खं. नळ तसाच सोडून मी रडले.

बाहेरून संजय ओरडला, "लागलं का त्याचं लग्न? मग मला चहा दे, अजून तुझाच आहे मी."