हेडफोनमध्ये आधी ऐकू आलं

मंडळी, आज दुपारी मालेगावजवळच्या खेड्यात होते. सत्तरच्या दशकापासून चालू असलेल्या टीव्हीवरच्या एका क्रीडाचर्चेच्या कार्यक्रमाचा इतिहास आम्ही चित्रित करतोय. आवाज मी सांभाळते.

त्याच दशकात इथले कबड्डीचे पंच त्या कार्यक्रमात म्हणाले होते, "शेजारच्या गावानं सामना विकला." आज ते पुन्हा तेच बोलणार होते, आणि हे शेजारच्या गावापर्यंत पोचलं होतं.

त्यांची बायको मला म्हणाली, "काहून उकरून राह्यल्या बाई? तुमी गाडीत बसून जासान. आमाले इथंच राहाचं हाये."

"खरं ते खरं," पंच म्हणाले आणि कॅमेऱ्यासमोर तेच वाक्य बोलले.

हेडफोनमध्ये मोटरसायकली आल्या. एकेक इंजिन दाराशी बंद झालं. शेजारच्या गावची माणसं उतरून दारात उभी राहिली.

आम्ही निघालो तेव्हाही ती माणसं दारात उभी होती.

पंचांचं ते वाक्य ठेवू की काढू?