अक्काने नको म्हटलं नव्हतं

मांडवीच्या आमच्या आळीत कोणी इस्पितळातून परतलं, की लोक हलक्या आवाजात विचारपूस करत. माझी थोरली बहीण अक्का मात्र थेट म्हणायची, "टाके दाखव बघू." मग भूल कशी दिली, दुखलं किती, नवीन काय निघालंय, सगळं खोदून विचारायची. मूलबाळ नव्हतं, नवरा गेल्यावर बाजारात सुकी मासळी विकून एकटीने दिवस काढले आणि म्हातारपणी माझ्याकडे आली. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याची पट्टी सुटली, तेव्हा माझ्याकडे बघत म्हणाली, "मेल्या, तू एवढा म्हातारा कधी झालास? कोणी सांगितलं नाय मला!"

ऐंशी ओलांडल्यावर तिला चार पावलांत धाप लागू लागली. हृदयाची झडप अरुंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, मुंबईला छाती न उघडता मांडीच्या शिरेतून नवी झडप बसवतात.

"मांडीतून थेट काळजात? कमाल हाय हो तुमची!" रिक्षात बसेपर्यंत ती हसत होती.

आळीत मात्र कुजबुज सुरू झाली. "म्हातारीला काय अमरपट्टा बांधायचाय?" कोणीतरी मला तोंडावरच विचारलं. मला लाज वाटली. मुंबईच्या खेपाही नको वाटत होत्या. तपासण्यांचे कागद आणायला इथल्या डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, करायला हरकत नाही. मी घरी येऊन सांगितलं, "तुला झेपणार नाही म्हणतात."

"असं म्हणाले?" एवढंच ती बोलली.

गणपतीनंतर तिच्या पायांना सूज आली. तिला घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा तिने स्वतःच डॉक्टरांना विचारलं, "मला झेपणार नाय, असं तुम्हीच म्हणालात ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा झेपलं असतं, आजी. आता उशीर झालाय."

संध्याकाळी शेजारची शेवंता आली. "काय ओ मामा, आपरेशन का नाय केलंत?" मी कागद आवरू लागलो. अक्काच म्हणाली, "मीच नको म्हटलं गो. पुरे झालं आता."

शेवंताने तिला हात जोडले. ती गेल्यावर अक्का मला म्हणाली, "तुला या आळीत राहायचंय, म्हणून तसं सांगितलं. पण मला जगायचं होतं रे."

दिवाळीच्या आत ती गेली. तेराव्याला जो तो म्हणत होता, काय समाधानी बाई, स्वतःहून नको म्हणाली. मी मान डोलावत जेवण वाढत राहिलो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात शेवंताला तोच आजार निघाला. मी भेटायला गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचा मुलगा तिला समजावत होता, "अक्का बघ कशी शहाणी. या वयात कशाला, म्हणाली."

मी तिथेच, तिच्यासमोर, त्याला सगळं सांगितलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. शेवंता हातावर जोर देऊन हळूहळू उठून बसली.