दुरडी भरली की जा

माझ्या आईला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा होता.

लिहून टाकलं. ज्यांना धक्का बसायचा त्यांना बसू दे.

आज तिचा स्मृतिदिन. सकाळी फोन उघडला तर भाच्यानं तिचा फोटो टाकलेला. शेजारी कडक भाकरीचा फोटो. खाली ओळ, 'माझी आजी, द ओरिजिनल मील प्रेप क्वीन!' आणि बदामांची रांग.

स्वयंपाक आधीच करून ठेवणाऱ्यांची क्वीन म्हणे.

बाळा, राणीला घराबाहेर जाता येतं रे.

एकोणीसशे तीसच्या दशकातलं सोलापूर. आई सांगोल्याकडची. लग्न होऊन गिरणीजवळच्या दोन खोल्यांत आली. घरात सासू, आणि सासरे, नवरा, दोन दीर असे चौघे गिरणीत. प्रत्येकाची पाळी वेगळी. एक जेवून उठला की दुसरा हातपाय धुऊन पाटावर हजर.

म्हणून कडक भाकरी. ज्वारीची, पातळ थापलेली, भाजून झाली की चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी वाळवलेली. महिनाभर टिकते. सोबत उखळात कुटलेली शेंगांची चटणी.

आज तुम्ही ती पाकिटातून विकत घेता आणि 'वॉव' म्हणता.

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या, कामाचं आधीच प्लॅनिंग केलं की बाई मोकळी होते.

सिस्टरना सासू नव्हती.

तर, माझ्या मावशीचं, म्हणजे आईच्या पाठच्या बहिणीचं लग्न ठरलं. आई सासरी आल्यापासून माहेरी गेलीच नव्हती. तिनं भीत भीत सासूला विचारलं.

"जा की. न्हाय कोन म्हनतंय? पर चार गडी खातील काय? आठ दिसाच्या भाकरी करून ठिव. दुरडी भरली की जा."

आईला वाटलं, सुटले.

रोजचा स्वयंपाक उरकून ती वरच्या भाकरी थापायला बसायची. दुरडी भरत आली.

आणि घरच्यांना ती दिसली.

धाकटे काका म्हणाले, "वहिनी, लई झ्याक झाल्यात की! ह्या दोन घेतो." दुसऱ्या दिवशी त्यांचे गिरणीतले दोस्त आले. तिसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "हायती तर खाऊ की. नव्या करायला कितीसा येळ लागतोय?"

आईनं नव्या केल्या. त्याही खाल्ल्या.

सासू रोज दुरडीवरचं फडकं उचलून बघायची. "अजून भरली न्हाय व्हय ग?"

आणि माझे वडील? तेही खात होते. खाली मान घालून.

हळदीच्या आदल्या दिवशी मामा मोटारीनं न्यायला आला.

"आक्का, आगं आवरलं न्हाईस अजून? उद्या हळद हाय की!"

सासूनं दुरडी त्याच्यापुढे ओढली. तळाला नुसते तुकडे.

"तूच बग बाबा. म्या कुटं अडवलं? हिला म्हटलं हुतं, करून ठिव आन जा. हिनंच केलं न्हाय."

आईनं वडिलांकडे पाहिलं.

वडिलांनी चपला घातल्या. म्हणाले, "भोंगा झाला."

भोंगा झाला नव्हता.

मामा परतीच्या मोटारीनं एकटाच गेला.

हे सगळं आईनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. मी नोकरी करत होते, घरात नवा फ्रिज आला होता. मी ऐटीत म्हटलं, "आई, रविवारी आठवड्याचं करून ठेवलं की मी मोकळी!"

ती फ्रिजकडे बघत म्हणाली, "करून ठेव. पण कुणाला दिसू देऊ नकोस."

मी हसले. ती हसली नाही. मग एकेक करून सारं सांगितलं.

मी तिच्यापेक्षा जास्त चिडले. आजही तितकीच चिडलेली आहे. लोक म्हणतात, जुन्या गोष्टी, सोडून द्या. का सोडू? बहिणीचं लग्न काय दर वर्षी असतं?

मी विचारलं, "मग लग्नाच्या दिवशी तू काय केलंस?"

त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती आणि गल्लीत कुणाकडे तरी बारसं होतं. घरातले सगळे तिकडे जेवायला गेले. सासू जाताना म्हणाली, "तू घर राख."

म्हणजे तिकडे मावशीवर अक्षता पडत होत्या, आणि इकडे आईच्या हातचं खायला घरात एक माणूस नव्हता. ज्यांच्या पोटासाठी तिला अडवलं, ती सगळी पोटं दुसऱ्याच्या पंगतीत भरत होती.

"रडलीस?"

"नाही ग. पीठ मळलं. भाकरी केल्या."

"कुणासाठी?"

"काय माहीत. हाताला दुसरं काही सुचेना."

मग म्हणाली,

"खायला कुणी नव्हतं ना घरात. त्या दिवशी दुरडी काठोकाठ भरली."

आई, आज मी घरात काही शिजवलेलं नाही. नैवेद्यसुद्धा नाही. तुझ्या फोटोला फूल वाहिलं, कुलूप घातलं, आणि हे बागेतल्या बाकावर बसून लिहिते आहे.

तुला माझा मनापासून नमस्कार.