शाडूचा तुटका कान

गेल्या रविवारी दुपारी पेणला, आमच्या मागच्या दारात, मी आमच्या बोक्याचा फोटो काढला... त्या एका फोटोने पुढचे चार दिवस माझा जीव टांगणीला लावला.

बोक्याचं नाव शाडू. रंग अगदी शाडूच्या मातीसारखा, राखाडी. उजवा कान टोकाला तुटलेला आणि नाकाजवळ एक तपकिरी डाग.

फोटो मी नीट काढला होता. फ्लॅश बंद, दारातून येणारा उजेड, आणि मी स्वतः जमिनीवर पालथा पडून, म्हणजे त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर येतील. सतरा फोटोंतला एक निवडला. कडेची बादली क्रॉप केली, सावली थोडी उजळली... तिथे थांबायला हवं होतं.

मी गणपतीच्या कारखान्यात फिनिशिंगचं काम करतो. मूर्तीवरचे खड्डे भरायचे, पॉलिश पेपर मारायचा, कान किंवा बोट दुखावलं असेल तर जोडायचं. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, त्यामुळे तुटलेलं दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो.

फोनमध्ये डाग पुसायचं टूल आहे. आधी नाकावरचा डाग पुसला. मग दुसऱ्या कानाचं टोक कॉपी करून तुटक्या कानाला बसवलं. तासभर गेला, पण जोड कुठेच दिसेना. दहावीपुढे शिकलो नाही, तरी हातातल्या कामात चूक राहिलेली मला सहन होत नाही.

आईला दाखवला. ती म्हणाली, "चांगला हाय रे... पण हा आपला नाय वाटत. लग्नाला स्थळं बघतोस काय त्याला?" मी हसलो आणि तोच फोटो सेव्ह केला.

सोमवारी सकाळी कारखान्यातून रोह्याला मूर्ती गेल्या. दुपारपासून शाडूचा पत्ता नाही. मूर्तींखाली घालायच्या पेंढ्यात झोपायची त्याला सवय आहे, म्हणून टेम्पोवाल्या महेशदादांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "मला तर मांजर दिसलं नाय बाबा."

मग पेणच्या सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला. अर्थात तोच, सुंदर केलेला. पोस्ट चार वेळा तपासली, घरापासून कारखान्यापर्यंतची प्रत्येक खूण लिहिली... कानाचं मात्र लिहिलं नाही. फोटो आहे ना, वेगळं काय सांगायचं, असं वाटलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. आई जेवताना माशाचं डोकं ताटाच्या कडेला काढून ठेवायची आणि मग स्वतःच उचलून टाकायची. 

गुरुवारी महेशदादा दुसरी खेप घेऊन रोह्याला गेले आणि तिथून त्यांचा फोन आला. "अरे, ज्या काकूंच्या शेडमध्ये मूर्ती उतरवतो, त्यांच्याकडे एक बोका आलाय. मी तुझा फोटो दाखवला. पण त्या म्हणतात हा नव्हे, आमच्याकडचा कानतुटका हाय."

माझ्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला.

फोन काढला.  एडिटमध्ये जाऊन 'मूळ फोटो' दाबलं... आणि कान परत तुटला, डाग परत आला. इतका आनंद मला कुठलीही मूर्ती पूर्ण झाल्यावर झालेला नाही. फक्त उजेड वाढवला आणि महेशदादांना पाठवला.

दोन मिनिटांत काकूंचा फोन. "अरे हाच तो! मेल्याला सुकटीशिवाय काय चालत नाय. शेजारीण मागत होती, उद्या देनारच होते तिला. तरी चार दिवस थांबवलं, म्हटलं कुणीतरी शोधत असंल याला." मग हसून म्हणाल्या, "तो आधीचा कुणाचा फोटो पाठवलास रे?"

 आईला घेऊन मिळेल त्या एसटीने रोह्याला गेलो. शेडमध्ये गणपतींच्या रांगेत शाडू पेंढ्यावर बसला होता. आईने त्याला उचललं आणि आधी तुटक्या कानावरून हात फिरवला. "कुठं भटकत होतास रे?" एवढंच म्हणाली... मग पदराने डोळे पुसले.

काकूंनी चहा पाजला, येताना वाटेत खायला म्हणून त्याच्यासाठी सुकटीची पुडी बांधून दिली. मी पैसे काढले तर रागावल्या.

काल शाडूचा नवीन फोटो काढला. परत जमिनीवर पालथा पडून, त्याच दारात. क्रॉप केला, थोडा उजळला. बोट सवयीने कानाकडे गेलं... फोन बाजूला ठेवून दिला.

तो फोटो काकूंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "व्हय, हा आपला."

'आपला' म्हणाल्या त्या... चार दिवस सांभाळलेल्या, दुसऱ्याच्या बोक्याला. काकू, तुम्ही नीट बघितलंत म्हणून आमचा शाडू घरी आला. मनापासून आभार.