कुंभकोणमची डिग्रीबाई

ज्या माणसावर मी अख्ख्या देशासमोर फिदीफिदी हसलो, त्याला जाऊन आज वर्ष झालं.

रघुराम राव. स्टेजवर डिग्रीबाई.

दोन रिॲलिटी शो आम्ही एकत्र केले. दोन्ही वेळा त्याच्या आधी बॅग भरून मीच घरी.

नव्या मित्रांसाठी सांगतो. आम्ही दोघं ड्रॅग करायचो, म्हणजे बाईच्या वेषात स्टेजवर कार्यक्रम. मी सांगलीचा सुहास, स्टेजवर सुहासिनी. तो तमिळनाडूतल्या कुंभकोणमचा, पण घरात मराठी. तंजावरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा त्याचे पूर्वज तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. भाषा मात्र जशी नेली तशीच जपली.

हे मला पहिल्या एपिसोडला कुठे माहीत?

अँकर मराठी होती. तिने विचारलं, "लिपस्टिक कुठली गं ही?"

नऊवारी नेसलेली, सहा फुटी डिग्रीबाई शांतपणे म्हणाली, "मज ठाऊक नाहीं. उसनी आणिली."

मी फुटलो. कॅमेरा माझ्याकडे वळलाय हे बघून आणखीच हसलो. वर म्हणालो, "ताई, कुठल्या शतकातून आलात?"

क्लिप व्हायरल. आठवडाभर जो तो "मज ठाऊक नाहीं" वर रील करत होता.

मला लाज वाटायला लागली. मेकअप रूममध्ये सॉरी म्हणायला गेलो, तर हा आरशासमोर बसून खोट्या पापण्या सोलतोय.

"सॉरी कशास? काल मज कोणी ओळखत नव्हतें. आज वॉचमनने सेल्फी घेतली."

पुढच्या एपिसोडला जजने विचारलं, "नाव डिग्रीबाई, मग डिग्री कशात आहे?"

"कापीत, सर. बीकॉम राहिलें."

त्यांच्याकडे बिनपाण्याच्या दुधाच्या कॉफीला डिग्री कापी म्हणतात. सगळा सेट हसला. या वेळी हसवणारी ती होती.

घरी त्याने सांगितलं होतं, मुंबईत साडीच्या दुकानात नोकरी आहे.

खोटं नव्हतं. सेल्समन स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवतात ना? तेच काम. हा पदरावर थांबला नाही, एवढंच.

पण ती क्लिप कुंभकोणमला पोचली. आईचा फोन आला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्याने फोन माझ्याकडे सरकवला, मीच तो स्पीकरवर टाकला.

"रघू, ती साडी माझी कीं रे?"

आईच पुढे बोलली.

"दारासुरमच्या विणकराच्या मागावरची. माझ्या लग्नाची."

"हो, आई."

"निऱ्या वाकड्या जाहल्या. येऊन दाखवूं?"

असा रडला, असा हसला की अर्धा मेकअप माझ्या कुर्त्यावर.

अप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, तसं नव्हतं.

अप्पांचं पितळी भांड्यांचं दुकान. संध्याकाळी विठ्ठलाचं भजन, त्यात पेटी त्यांची. गावात मान. दीड वर्ष ते रघूशी एक शब्द बोलले नाहीत. त्याचा फोन आला की न बोलता आईच्या हातात द्यायचे.

रघू त्यावर कधी काही म्हणाला नाही. फक्त प्रत्येक फोनच्या शेवटी आईला विचारायचा, "अप्पा जेवले कीं?"

दुसऱ्या शोमध्ये घरच्यांना बोलावतात तो एपिसोड आला. आई एकटी आली, ट्रेनने. स्टेजवर सगळ्यांसमोर वाकून तिने याच्या निऱ्या सरळ केल्या. शेजारी अप्पांसाठी ठेवलेली खुर्ची रिकामीच राहिली.

त्या शोला तो दुसरा आला. मग काय, लग्नांचे संगीत, कॉलेजचे फेस्ट, साडीच्या दुकानांची उद्घाटनं. नऊवारी कशी नेसावी याचे त्याचे व्हिडिओ बघून माझी सख्खी बहीण नेसायला शिकली. मी शिकवत होतो तेव्हा नाही शिकली!

मग एकदा मला म्हणाला, "चल, गावी जाऊं. एकट्याने धीर होत नाहीं."

दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. अप्पा आत, आमच्याकडे पाठ करून. एक गिऱ्हाईक बाई आली आणि अप्पांना तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. रघूचा चेहराच उतरला. मी कोपराने ढोसलं, "काय म्हणाली?"

"विचारते, टीव्हीवरची डिग्रीबाई तुमचीच का?"

अप्पांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

एकच शब्द बोलले. मग पुढचं वाक्य.

रघूने मला ते मराठीत सांगितलं, पण जरा वेळाने, कारण आधी तो उठून दुकानामागे गेला आणि नळाखाली तोंड धुऊन आला.

अप्पा म्हणाले होते, "हो. घागर केवढी दाखवूं?"

त्या संध्याकाळी दीड वर्षानंतर ते थेट त्याच्याशी बोलले. "उद्याही दुकानीं बैस. गिऱ्हाईक वाढतें."

झालं. त्यानंतर दर महिन्याला रघू घरी. भजनाला मागे बसून झांजा वाजवायचा, खोट्या नखांसकट.

चौतिसाव्या वर्षी गेला. पाच दिवसांचा डेंग्यू. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

वर्षश्राद्धासाठी मी काल इथे कुंभकोणमला आलो. तमिळनाडूत गेलेल्या माणसाचा फोटो फ्लेक्सवर छापून रस्त्याच्या तोंडाशी लावतात. मला वाटलं, शर्टातला साधा फोटो असेल.

फ्लेक्सवर दोन फोटो आहेत. डावीकडे रघुराम, पांढऱ्या शर्टात. उजवीकडे डिग्रीबाई, नाकात नथ, आईची साडी, निऱ्या एकदम सरळ.

अप्पा स्वतः जाऊन छापून आले. मला सांगत होते, प्रेसवाला नवा होता. फोटो बघून हळहळला. म्हणाला, "अय्यो, दोघं एकाच दिवशी गेलीं?"

"मग तुम्ही काय म्हणालात, अप्पा?"

"म्हटलें, हो. दोघंही माझींच."

रघू, डिग्रीबाई, दोघांनाही सुहासिनीचा मनापासून नमस्कार.